विविधता कार्यक्रम: प्रवेश तर झाले, पुढे नेमकं काय करायचं?

गवाक्ष (धागाकर्ता)

एका पदवी महाविद्यालयासाठी विविधता कार्यक्रमाचा तीन वर्षांचा आराखडा लिहायचा आहे. दरवर्षी साधारण ६०० नवे प्रवेश होतात. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात येणारी मुलं, दुसऱ्या माध्यमातून शिकलेली मुलं, अपंग विद्यार्थी, तंत्रशाखांतल्या मुली, संख्येनं लहान असलेले समाजगट या सगळ्यांचं प्रमाण प्रवेशाच्या यादीत बरं दिसतं, पदवीच्या यादीत मात्र दिसत नाही. सर्वांत जास्त गळती पहिल्या दोन सत्रांत आहे.

सध्याच्या मसुद्यात उद्घाटनाचं व्याख्यान, सगळ्या प्राध्यापकांना एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण, एक सांस्कृतिक दिन, माहितीपत्रकात नवे फोटो आणि ‘कच्च्या’ मुलांसाठी संध्याकाळी जादा तास एवढं आहे. यानं गळती थांबेल असं वाटत नाही. कोणत्या गोष्टींचा उपयोग पुराव्यानिशी दिसला आहे? पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर सुरुवात कुठून करावी? आणि समितीत एक आक्षेप वारंवार येतो, की कमी गुणांच्या मुलांना चांगल्या संस्थेत घेतलं तर नुकसान त्यांचंच होतं. त्याला आकड्यांत उत्तर आहे का?

---

त्रिज्या

मसुद्यातली शेवटची ओळ आधी बदला. ‘कच्च्या मुलांसाठी जादा तास’ ही कल्पना दिसते चांगली आणि फसते हमखास. ज्याला कच्चा म्हणवून घ्यायचं नाही तो येत नाही. जो येतो त्याला वर्गात झालेलंच पुन्हा हळू आवाजात ऐकायला मिळतं, आणि परीक्षेतलं अवघड गणित त्याला तरीही नवंच असतं.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, गणितज्ञ युरी ट्राइझमन यांनी याचा मुळातून शोध घेतला. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे पडत होते. तयारी कमी, इच्छा कमी, घरचा पाठिंबा नाही, पैसा नाही अशी चार कारणं प्राध्यापक देत होते. विद्यार्थ्यांबरोबर राहून पाहिल्यावर चारही टिकली नाहीत. फरक होता तो अभ्यासाच्या रीतीत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकटे बसायचे, मग रात्री एकत्र जमून उत्तरं ताडून पाहायचे. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळायचं. कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रामाणिकपणे आणि पूर्णपणे एकटे अभ्यास करायचे. अडलं की दोष आपलाच, असा त्यांचा समज व्हायचा.

त्यातून निघालेली कार्यशाळेची पद्धत आजही अनेक ठिकाणी चालते. ती अशी लावता येते:

आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी दोन तास. एका खोलीत २० ते २४ जण, चार-चारांचे गट. प्रत्येक बैठकीला ६ ते ८ प्रश्नांची एक पानी यादी, आणि त्यातले निम्मे तरी प्रश्न परीक्षेपेक्षा अवघड. ही अट सोडू नका. आधी १५-२० मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं झटायचं, मग गटात बोलायचं. वरिष्ठ विद्यार्थी किंवा शिक्षक फिरत राहतो, फळ्यावर सोडवून दाखवत नाही. ‘इथपर्यंत कसं आलात?’ एवढंच विचारतो. आमंत्रणपत्रात ‘साहाय्य’ हा शब्द नको. हा जास्त खोलात जाणारा वर्ग आहे असं लिहा आणि तो तसाच चालवा.

बिघडतं कुठे, तर सोपे प्रश्न दिले की दोन आठवड्यांत हजेरी निम्मी होते. श्रेयांक दिले नाहीत की परीक्षा जवळ येताच पहिली कात्री याच वर्गाला लागते. वेळ संध्याकाळी सातची ठेवली की नोकरी करणारे आणि लांबून येणारे आपोआप गळतात, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप तेच. ही बैठक वेळापत्रकात दिवसाच टाका. आणि फक्त एकाच समाजगटातली मुलं बोलावू नका. दार सर्वांना उघडं ठेवा, पण पहिल्या वर्षातल्या ज्यांच्यापर्यंत असं आमंत्रण एरवी पोचत नाही त्यांना नावानिशी बोलवा.

गट पाडताना एक गोष्ट पाहा. ‘प्रत्येक गटात एक मुलगी’ ही वाटणी न्याय्य वाटते, पण उलटी पडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींना चौघांच्या गटांत टाकलं होतं. चारांत एकटी असलेली मुलगी, मुलींचं बहुमत असलेल्या गटातल्या मुलीपेक्षा कमी बोलत होती. वर्गात चारच मुली असतील तर त्यांना चार गटांत विखरू नका, दोन-दोन तरी एकत्र ठेवा. कोणत्याही अल्पसंख्य गटाबाबत मी हेच करीन.

हे सगळं मुख्य वर्गातच आणता आलं तर सर्वांत चांगलं. २०२०च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, नुसत्या व्याख्यानाऐवजी विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवायला लावणाऱ्या विज्ञान-गणिताच्या वर्गांमध्ये वंचित गटांतले आणि इतर विद्यार्थी यांच्यातली परीक्षेतल्या गुणांची दरी सुमारे ३३ टक्क्यांनी, आणि उत्तीर्ण होण्यातली दरी सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. मात्र वर्गातला बराचसा वेळ या कामाला दिला तरच. तासाच्या शेवटी पाच मिनिटांची चर्चा ठेवून हे होत नाही.

---

आकडेमोड

त्रिज्या यांच्याशी सहमत. पण कार्यक्रम सुरू करण्याआधी मोजणी नीट करा, कारण चुकीच्या भाजकामुळे अख्खी दरी कागदावरून गायब होते.

मानलेलं उदाहरण घ्या. ६०० पैकी १५० मुलं घरातली पहिली पदवीधर होऊ पाहणारी, बाकी ४५०. पहिल्या वर्षी १५०पैकी ९० उत्तीर्ण, म्हणजे ६० टक्के. ४५०पैकी ३६० उत्तीर्ण, म्हणजे ८० टक्के. एकूण निकाल ७५ टक्के, आणि वार्षिक अहवालात तेवढाच छापला जातो. याहून घातक म्हणजे टक्केवारी ‘परीक्षेला बसलेल्यां’वर काढणं. १५०पैकी ११०च बसले आणि ४५०पैकी ४४० बसले असतील तर ९० भागिले ११० आणि ३६० भागिले ४४०, दोन्हीकडे ८२ टक्के येतात. दरी शून्य! जी ४० मुलं मधेच निघून गेली ती हिशेबातच नाहीत. म्हणून भाजक कायम प्रवेशाच्या दिवशीचा धरा आणि तीच तुकडी पदवीपर्यंत पकडून ठेवा.

दुसरं, निकाल विषयवार लावा. गळती साऱ्या विषयांत सारखी पसरलेली नसते. पहिल्या वर्षाचे दोन-तीन विषय बहुतेकांना अडवतात. प्रत्येक विषयासाठी नोंदणी, मधेच सोडलेले, नापास आणि उत्तीर्ण असे चार रकाने करा, गटवार करा, आणि एकाच विषयाच्या वेगवेगळ्या तुकड्या शेजारी ठेवा. एका तुकडीत दरी ५ गुणांची आणि दुसरीत २५ची असेल तर कारण विद्यार्थ्यांत शोधू नका, शिकवणं आणि तपासणं पाहा. गटात १०पेक्षा कमी मुलं असतील तर आकडा जाहीर करू नका, कोण ते सहज ओळखू येतं. तीन वर्षांची बेरीज करून पाहा.

आता पुराव्याचं. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठानं २००७ साली दोन वर्षांच्या पदवीसाठी ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचं मूल्यमापन चिठ्ठ्या टाकून झालं. कोण कार्यक्रमात आणि कोण नेहमीच्या व्यवस्थेत हे नशिबावर सोडलं होतं, म्हणून या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. तीन वर्षांनंतर कार्यक्रमातले ४० टक्के पदवीधर झाले, बाहेरचे २२ टक्के. पुढे ओहायोतल्या तीन महाविद्यालयांत तीच रचना उचलली तर तिथे ३५ आणि १९.

आत काय होतं, तर पूर्ण वेळ शिकण्याची अट, शिष्यवृत्तीतून न भागलेल्या फीची भरपाई, फुकट पाठ्यपुस्तकं, प्रवासाचा पास, पायाभूत उजळणीचे विषय आधी उरकायला लावणं, आणि एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. नेहमीच्या व्यवस्थेत एका सल्लागाराकडे ६०० ते १५०० असत. दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च सुमारे ११ टक्क्यांनी उतरला. खर्चावरून आक्षेप येईल तेव्हा समितीपुढे हा हिशेब ठेवा.

यातला एकच घटक उचलून तोच निकाल अपेक्षू नका. नुसता पास किंवा नुसती पुस्तकं दिली म्हणजे असॅप झालं नाही.

---

सहाध्यायी

समितीच्या आक्षेपाबद्दल. हा तर्क जुना आहे आणि तो तपासून झालेला आहे.

कॅलिफोर्नियात १९९६च्या जनमतानं सरकारी विद्यापीठांतल्या प्रवेशात वंश विचारात घेण्यावर बंदी आली आणि १९९८च्या प्रवेशांपासून ती लागू झाली. आक्षेप खरा असता तर बंदीमुळे कमी स्पर्धेच्या संस्थांत गेलेल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो अशा अल्पसंख्य गटांतल्या मुलांचं भलं व्हायला हवं होतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलट आढळलं. त्या गटांतल्या अर्जदारांचं पदवी मिळवण्याचं प्रमाण घटलं, पुढच्या कमाईत सुमारे ५ टक्के घट झाली, आणि विज्ञान शाखांत त्यांची टिकाव धरण्याची क्षमता काही सुधारली नाही. भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांवरचा २०१६चा मोठा अभ्यासही राखीव जागांमुळे त्या विद्यार्थ्यांचं नुकसान होत असल्याचं दाखवत नाही.

प्रवेशाच्या गुणांत तो विषय आधी शिकायची संधी मिळाली होती का, हेही मोजलं जातं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक शाखेत १९९५ साली नव्या तुकडीत ७ टक्के मुली होत्या, २००० साली ४२ टक्के. प्रवेशात आधीपासून प्रोग्रॅमिंग येण्याला दिलेलं वजन काढलं, आणि ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांच्यासाठी पहिल्या सत्रात वेगळी वाट केली. शेवटची पातळी सर्वांना तीच होती, चढायची शिडी फक्त एक पायरी खालून सुरू केली.

आणि फायदा फक्त आत आलेल्यांचा नसतो, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर असू द्या. केप टाउन विद्यापीठात वसतिगृहातल्या खोल्या चिठ्ठ्यांनी वाटल्या गेल्या त्याचा अभ्यास झाला आहे. वेगळ्या वंशाचा खोलीसोबती मिळालेल्या श्वेतवर्णीयांचे पूर्वग्रह कमी झाले, आणि मिश्र खोल्यांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, गळती घटली. सांस्कृतिक दिन वर्षातून एकदा येतो, खोली मात्र वर्षभर असते. वसतिगृह तुमच्या हातात असेल तर ओळखीच्यांनी आपापल्यात खोल्या वाटून घेण्याची पद्धत पहिल्या वर्षापुरती तरी बंद करा.

---

गवाक्ष

तिघांचेही आभार. भाजकाची चूक आमच्या मसुद्यात जशीच्या तशी आहे, दुरुस्त करतो. अडचण अशी की सल्लागार दोनच मिळतील. ६०० मुलांना दोघं म्हणजे एकाकडे ३००. मग ६०-८०चं प्रमाण कसं साधायचं?

---

आकडेमोड

सगळ्यांना थोडं थोडं देऊ नका, ते कुणालाच पुरत नाही. १५० मुलं निवडा, म्हणजे प्रत्येकाकडे ७५. महिन्याला दोन भेटी, प्रत्येकी २० मिनिटं: ७५ गुणिले २ गुणिले २० म्हणजे ३००० मिनिटं, महिन्याला ५० तास. उरलेला वेळ फोन, पाठपुरावा आणि विभागांशी बोलण्यात जातो. पूर्ण वेळाच्या माणसाला हे झेपतं. प्राध्यापकाच्या गळ्यात शिकवण्याशिवायचं जादा काम म्हणून हे अडकवलं तर मात्र दुसऱ्या महिन्यात बंद पडतं.

निवड ‘जो स्वतःहून येईल तो’ अशी नको. जे येतात ते बहुधा आधीच व्यवस्था समजलेले असतात. पहिली भेट प्रत्येकाच्या वेळापत्रकातच छापा. ज्याला नको त्यानं ती रद्द करावी, हवी असलेल्यानं मागावी लागू नये. निवडीचा आधार पहिल्या सत्राच्या चौथ्या आठवड्यातली एक छोटी चाचणी, गैरहजेरी आणि न भरलेली फी या तीन खुणा. या तिन्ही वर्तनाच्या खुणा आहेत, त्यामुळे कुणाच्या कपाळावर समाजगटाची चिठ्ठी लागत नाही, आणि तरीही मदत नेमकी तिथेच पोचते.

थकलेल्या फीसाठी एक छोटा तातडीचा निधी सल्लागारांच्या हाती द्या. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं २०११पासून असं केलं. अगदी थोड्या थकबाकीपायी नोंदणी रद्द होणार असलेल्या विद्यार्थ्यांना अर्जाची वाट न पाहता रक्कम भरून दिली. मंजुरी तीन दिवसांत नसेल तर तो निधी असून नसल्यासारखा. शिष्यवृत्तीतही हाच घोळ होतो: आधी भरा, मग परत मिळेल. ज्याच्याकडे भरायलाच नाही त्याला परताव्याचा उपयोग नाही. प्रयोगशाळेची अनामत, ओळखपत्र, सहल, प्रकल्पाची छपाई असे सगळे किरकोळ खर्च एका कागदावर मांडून बेरीज करा.

---

कानामात्रा

अपंग विद्यार्थ्यांचा उल्लेख प्रश्नात आहे, मसुद्यात त्यांच्यासाठी काहीच दिसत नाही. इथे भाषणं लागत नाहीत, मापं लागतात.

उताराचं प्रमाण १ ला १२. जोतं ४५ सेंमी उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून तो अडीच मीटरचा केला की चाकाची खुर्ची वर चढत नाही, आणि उतरताना पुढे झुकते. वर आणि खाली दीड मीटरची सपाट जागा, दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंमी. प्रयोगशाळेत एक तरी टेबल खालून मोकळं. रॅम्प मुख्य दाराला हवा, कोठाराच्या मागच्या दाराला नव्हे.

वाचनसाहित्यात सर्वांत जास्त गोंधळ आहे. पुस्तकाचं पान स्कॅन करून पीडीएफ केली तर ती नुसती चित्रं असतात, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यातलं एक अक्षर वाचत नाही. आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं), मग मजकूर माणसानं तपासणं, मथळ्यांना मथळ्याचीच शैली देणं, आकृत्यांना शब्दांत वर्णन. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टात टंकलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर तिथे निरर्थक रोमन अक्षरं वाचत बसतो. गणिताची सूत्रं चित्र म्हणून चिकटवू नका, मॅथएमएल या सूत्रं लिहिण्याच्या संगणकीय भाषेत द्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १, म्हणजे पांढऱ्यावर फिकट करडं चालत नाही. एका पुस्तकाचं असं रूपांतर करायला आठवडे लागतात, त्यामुळे वाचनयादी सत्र सुरू होण्याच्या किमान सहा आठवडे आधी ठरलेली हवी. हा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

व्हिडिओला उपशीर्षकं द्या, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवा. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं तांत्रिक शब्द चुकवतात, ती तपासा. सांकेतिक भाषेचे दुभाषे लांबच्या तासाला दोन लागतात, २०-३० मिनिटांनी आळीपाळीनं. एकाच माणसाकडून दोन तास काम घेतलं की अर्थ निसटू लागतो. परीक्षेतल्या जादा वेळेचा निर्णय सत्राच्या सुरुवातीला एकदाच होऊन सगळ्या विषयांना लागू व्हावा. दर परीक्षेला दर शिक्षकाकडे कागद घेऊन जावं लागणं हा स्वतःच एक अडथळा आहे. लेखनिकाला त्या विषयाची चिन्हं लिहिता येतात का, तेही आधी पाहा. रसायनशास्त्राच्या पेपरला बंधांची आकृती काढता न येणारा लेखनिक दिला तर गुण विद्यार्थ्याचे जातात.

---

उंबरठा

प्रशिक्षणाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. सक्तीचं एक दिवसाचं शिबिर काढून टाका. अमेरिकेतल्या ८००हून अधिक कंपन्यांच्या तीस वर्षांच्या माहितीवरचं डॉबिन आणि कॅलेव्ह या समाजशास्त्रज्ञांचं काम पाहिलं तर सक्तीच्या प्रशिक्षणानंतर काही गटांचं वरच्या पदांवरचं प्रमाण उलट घटलेलं दिसतं. ऐच्छिक प्रशिक्षण, मेंटॉर देणं आणि कुणावर तरी नेमकी जबाबदारी टाकणं यांचा उपयोग दिसतो. ते उद्योगांबद्दल आहे, पण प्राध्यापकांनाही ‘तुम्ही दोषी आहात’ असा सूर लागला की दार बंद होतं.

त्या दिवसाचा वेळ निवड आणि तपासणीच्या रीतीवर घाला. २०१२च्या एका प्रयोगात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना एकच अर्ज पाठवला होता. निम्म्या प्रतींवर पुरुषाचं नाव, निम्म्यांवर स्त्रीचं. पुरुषाच्या नावाच्या अर्जाला जास्त सक्षम ठरवलं गेलं, पगारही जास्त सुचवला गेला, आणि असं करणाऱ्यांत स्त्री-प्राध्यापकही होत्या. उपाय साधे आहेत. निकष आणि त्यांचे गुण अर्ज उघडण्याआधी लिहून काढायचे, सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमानं, प्रत्येक सदस्यानं आधी एकट्यानं गुण द्यायचे आणि मग चर्चा. क्रम उलटा झाला तर सगळे ज्येष्ठ सदस्याच्या मताकडे सरकतात. उत्तरपत्रिका नावाशिवाय तपासायच्या, आणि एक प्रश्न सर्वांचा तपासून मगच दुसरा.

आणखी एक. ‘तूही इथलाच आहेस’ हा विश्वास देणारी छोटी सत्रं हल्ली लोकप्रिय आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ संस्थांतल्या २६ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर त्यांची चाचणी झाली होती. फायदा दिसला तो जिथे त्या गटाला सामावून घेणारी माणसं आणि संधी आधीपासून होत्या तिथेच. म्हणून हे सत्र ठेवायचं तर कार्यशाळा, सल्लागार आणि निधी उभे राहिल्यावर, त्यांच्या जागी नव्हे.

---

गवाक्ष

सुधारित क्रम असा लावतो आहे: पहिल्या सत्राआधी विषयवार निकाल आणि वाचनयाद्या, पहिल्या सत्रात सर्वांत जास्त अडवणाऱ्या दोन विषयांत कार्यशाळा, चौथ्या आठवड्यात चाचणी, मग १५० जणांना सल्लागार, दुसऱ्या सत्रात निवड समित्यांचे निकष. व्याख्यान आणि शिबिराचा पैसा तातडीच्या निधीत. काही राहतंय का?

---

त्रिज्या

चाचणी चौथ्या आठवड्यात घेतली आणि उत्तरपत्रिका सातव्यात परत दिल्या, असं होऊ देऊ नका. बहुतेक ठिकाणी विषय सोडण्याची मुदत सहाव्या-सातव्या आठवड्यात संपते, ती तुमच्याकडे कधी संपते ते पाहा. वीस मिनिटांची, तीन प्रश्नांची चाचणी ठेवा आणि चार दिवसांत गुण सल्लागारांकडे पोचू द्या. तपासनीस कोण, हे आजच नावानिशी लिहून ठेवा. आणि कार्यशाळेचे वरिष्ठ विद्यार्थी निवडताना केवळ सर्वाधिक गुण पाहू नका. त्या विषयात एकदा अडखळून मग चांगला सावरलेला विद्यार्थी गटाला अनेकदा जास्त उपयोगी पडतो, कारण पाय नेमका कुठे घसरतो हे त्याला ठाऊक असतं. त्यांना मानधन द्या, आणि दर आठवड्याला एक तास स्वतः त्यांच्याबरोबर बसून पुढची प्रश्नयादी आधी सोडवून घ्या.